कोपनहेगन आणि माल्मो: एका पाण्याच्या दोन काठांवरची चार दिवसांची सहल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही माल्मोत राहतो. नवऱ्याची नोकरी पलीकडे कोपनहेगनला. रोज सकाळी तो स्वीडनमधून डेन्मार्कमध्ये कामाला जातो आणि संध्याकाळी वरणभाताला घरी येतो. एप्रिल उजाडला की पुणे, ठाणे, नाशिक, शिवाय लंडन-फ्रँकफर्टच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

चार-पाच दिवसांत कोपनहेगन, स्टॉकहोम आणि ऑस्लो तिन्ही होतील का?

होतील, पण लक्षात राहतील ती फक्त स्टेशनं. कोपनहेगनहून स्टॉकहोमची थेट गाडी पाच तासांहून जास्त घेते आणि ऑस्लोची बोट रात्रभराची आहे. चार दिवसांतला दीड दिवस प्रवासातच जातो. त्यापेक्षा ओरेसुन्दच्या दोन काठांवर राहा. ओरेसुन्द म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधली सामुद्रधुनी. एका काठावर कोपनहेगन आणि हेल्सिंगोर, दुसऱ्या काठावर माल्मो, लुन्द आणि हेल्सिंगबोर्ग. देश दोन, भाषा दोन, चलनं दोन, आणि तरी कुठूनही कुठेही तास-दीड तासात पोचता येतं.

मग दिवस कसे लावायचे?

आमच्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते: पहिल्या तीन रात्री कोपनहेगन, शेवटची रात्र माल्मो. दोन दिवस कोपनहेगन शहरासाठी. तिसऱ्या दिवशी हेल्सिंगोरचा क्रोनबोर्ग किल्ला. चौथ्या दिवशी सकाळी बॅगा घेऊन गाडीने ओरेसुन्दवरचा पूल ओलांडायचा, माल्मोच्या स्टेशनवर लॉकरमध्ये सामान टाकायचं, लुन्द बघून यायचं आणि संध्याकाळ माल्मोच्या समुद्रावर काढायची. पाचव्या दिवशी माल्मोहून थेट विमानतळ.

माल्मोत एक रात्र राहाच, असा माझा आग्रह आहे. बहुतेक लोक कोपनहेगनहून तीन तासांसाठी येतात, जुन्या चौकात कॉफी पितात आणि ‘एक देश जास्त झाला’ म्हणून परत जातात. माल्मो खुलतं ते संध्याकाळी, कामावरून सुटलेली माणसं पाण्याकडे निघाली की. त्या वेळी दिवसाचे पाहुणे परतीच्या गाडीत बसलेले असतात. शनिवार-रविवारी माल्मोतली हॉटेलं कोपनहेगनपेक्षा बरीच स्वस्त पडतात, हाही फायदा.

व्हिसा डेन्मार्कचा काढायचा की स्वीडनचा?

जिथे जास्त रात्री, त्या देशाचा. रात्री समसमान असतील तर शेंगेन क्षेत्रात जिथून शिराल त्या देशाचा. वरच्या आखणीत तीन रात्री डेन्मार्कात आहेत, म्हणून अर्ज डेन्मार्ककडे. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यामुळे व्हिसा एकच पुरतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, सहाच्या आतल्या मुलांना माफ. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि नियमाने निदान १५ दिवस आधी करावा लागतो, पण मे-जूनमध्ये यायचं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. केंद्रातली भेटीची वेळ मिळण्यातच कित्येक दिवस जातात.

‘सिंगल एंट्री’ व्हिसा आहे. स्वीडनला जाऊन परत डेन्मार्कला आलो तर दुसरी एंट्री धरतात का?

नाही. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात खरी काळजी असते. पुलावर तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडतच नाही, त्यामुळे दिवसातून चार वेळा ये-जा केलीत तरी एंट्री एकच. लंडनच्या मंडळींनी मात्र लक्षात ठेवा: ब्रिटनचा व्हिसा किंवा तिथला राहण्याचा परवाना इथे चालत नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा वेगळा काढावाच लागतो, आणि वाटेत ब्रिटनला जाऊन परत यायचं असेल तर एकापेक्षा जास्त एंट्रीचा हवा.

मग पुलावर पासपोर्ट कशाला लागतो?

कारण तपासणी होते. २०१५ च्या नोव्हेंबरपासून स्वीडनने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली. स्वीडनमधल्या पहिल्या स्टेशनवर, ह्युलिएला, गाडी थांबते आणि पोलीस डब्यातून फिरतात. एखाद्या दिवशी कोणी येतही नाही. त्यामुळेच लोक गाफील राहतात.

आमच्या आत्याने पासपोर्ट हरवू नये म्हणून तो कोपनहेगनच्या हॉटेलच्या तिजोरीत ठेवला आणि मोबाइलमधला फोटो घेऊन निघाली. ह्युलिएला तिला खाली उतरावं लागलं. त्या उघड्या फलाटावर वारा सोसाट्याचा. एका हाताने पदर सावरत ती दुसऱ्या हाताने फोनवर तो फोटो मोठा करून दाखवत होती. फोटो चालत नाही. पुढच्या गाडीने ती भाच्याबरोबर कोपनहेगनला परत गेली, पासपोर्ट घेतला आणि पुन्हा आली. दुपार त्यातच संपली. आधार कार्ड, लायसन्स, झेरॉक्स यांतलं काही उपयोगाचं नाही. मूळ पासपोर्ट प्रत्येकाच्या अंगावर हवा, तान्ह्या बाळाचासुद्धा.

पूल गाडीतून दिसतो का? कोणत्या बाजूला बसू?

कोपनहेगनहून माल्मोला येताना डाव्या बाजूला. आधी बोगदा लागतो, मग गाडी एका बेटावर वर येते आणि तिथून पूल सुरू होतो. रूळ पुलाच्या खालच्या मजल्यावर आहेत आणि मोटारींचा रस्ता डोक्यावर, त्यामुळे समुद्र दिसतो तो लोखंडी तुळयांच्या मधून, चित्रफितीच्या चौकटी सरकाव्यात तसा. डावीकडे सपाट साल्थोम बेट आणि पुढे माल्मोचा पिळलेला उंच मनोरा. उजवीकडे बसलात तर समुद्रात उभ्या पवनचक्क्यांच्या रांगा दिसतील. लिलग्रुंद नावाचं ४८ पवनचक्क्यांचं ते क्षेत्र आहे.

हा मार्ग १ जुलै २००० रोजी सुरू झाला. पूल जवळजवळ आठ किलोमीटर, मधलं बेट चार, बोगदा चार. अख्खा पूलच का बांधला नाही? तर कोपनहेगनचा विमानतळ अगदी काठाला आहे. तिथे उंच मनोरे उभे केले असते तर विमानांना अडथळा झाला असता. शिवाय जहाजांची वाटही मोकळी राहायला हवी होती. मधलं बेट माणसाने भर घालून केलेलं आहे. शेजारच्या साल्थोमचा अर्थ मिठाचं बेट, म्हणून याचं नाव ठेवलं पेबरहोम, मिऱ्याचं बेट. तिथे कोणाला उतरू देत नाहीत. झाडं, पक्षी आपापले येऊन वसले आणि शास्त्रज्ञ त्यांची नोंद ठेवतात.

रेल्वेची आवड असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. डेन्मार्कच्या रुळांवरची वीज २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्या मुंबई लोकलला आज मिळते तीच. स्वीडनची मात्र १५ किलोव्होल्ट आणि वेगळ्या वारंवारतेची. या गाड्या दोन्हींवर चालतात, आणि हा बदल स्वीडनच्या काठाजवळ गाडी धावत असतानाच होतो. माझ्या सासऱ्यांनी रेल्वेत तीस वर्षं काढली. त्यांना राजवाड्यांपेक्षा हे ऐकून जास्त आनंद झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो क्षण टिपायचा म्हणून पुन्हा एकदा पूल ओलांडला.

तिकीट कुठे काढायचं? आरक्षण लागतं का?

आरक्षण नाही. दिवसा साधारण दर वीस मिनिटांनी गाडी असते, मिळेल त्या जागी बसायचं. कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनपासून माल्मोच्या मुख्य स्टेशनपर्यंत चाळीस मिनिटांच्या आसपास. तिकीट गाडीत मिळत नाही, चढण्याआधी यंत्रावर किंवा ॲपवर काढावं लागतं. डेन्मार्कच्या बाजूला डीएसबी आणि स्वीडनच्या बाजूला स्कोनेट्राफिकेन ही ॲप आहेत. एकाच दिवशी जाऊन यायचं असेल तर २४ तासांच्या तिकिटाची किंमतही ताडून बघा. कोपनहेगन कार्ड (पर्यटकांचा शहर-पास) घेतलं असेल तर ते पुलापलीकडे चालत नाही, स्वीडनचं तिकीट वेगळंच.

विमानतळाच्या स्टेशनवर होणारी नेहमीची चूक म्हणजे माल्मोऐवजी कोपनहेगनच्या गाडीत बसणं, किंवा उलट. फलकावर शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं. योटेबोरी, काल्मार, लुन्द असं काही दिसलं तर ती स्वीडनकडे जाणारी.

पैसे किती आणि कोणते आणू? युरो चालतात का?

युरो आणू नका. डेन्मार्कचा क्रोन वेगळा, स्वीडनचा वेगळा. एक डॅनिश क्रोन म्हणजे साधारण दीड स्वीडिश क्रोन. दोन्हीकडे किमती ‘क्रोन’मध्येच लिहिलेल्या असल्यामुळे माल्मोतली कॉफी बघून लोक दचकतात. आकडा मोठा दिसला तरी चलन लहान आहे.

रोकड जवळजवळ लागतच नाही, स्वीडनमध्ये तर कित्येक दुकानांत ती घेतच नाहीत. स्थानिक लोक फोनवरून पैसे देतात, पण त्या सोयीला इथलं बँक खाते लागतं, त्यामुळे आपलं काम कार्डावर. व्हिसा किंवा मास्टरकार्ड आणा, एकाऐवजी दोन. घरून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय सुरू करा. यंत्राने ‘रुपयांत घेऊ की क्रोनमध्ये’ असं विचारलं तर नेहमी क्रोन निवडा, रुपयांचा दर वाढवून लावलेला असतो.

कोपनहेगनमध्ये काय बघायचं? ती प्रसिद्ध जलपरीची मूर्ती खरंच इतकी छोटी आहे?

हो, सव्वा मीटरची. १९१३ पासून ती बंदराकाठच्या दगडावर बसली आहे. तिच्यासाठी म्हणून खास वाट वाकडी करू नका. न्युहाउनहून बंदराच्या कडेकडेने चालत गेलात तर आपोआप भेटते.

न्युहाउन म्हणजे रंगीत घरांचा तो कालवा, प्रत्येक फोटोत असतो तो. सतराव्या शतकात खणलेला. ९ नंबरचं घर १६८१ चं, तिथलं सर्वांत जुनं. परीकथाकार अँडरसन याच कालव्यावर वेगवेगळ्या तीन घरांत राहिला. तिथे जेवायला मात्र बसू नका, जागेचे पैसे मोजावे लागतात.

पैसे देऊन करायच्या कालव्यांच्या सफरी छान असतात, पण पिवळी बंदर-बस घेतलीत तर बस-मेट्रोच्या साध्या तिकिटात पाण्यातून शहर दिसतं. क्रिस्चियान्सबोर्ग राजवाड्याच्या मनोऱ्यावर जायला पैसे पडत नाहीत, फक्त रांग असते. आमालियेनबोर्ग राजवाड्यासमोर दुपारी बाराला पहारा बदलतो. राजमुकुट बघायचे तर रोसेनबोर्ग राजवाडा. तिवोली बाग मुख्य स्टेशनच्या समोर, १८४३ पासूनची. ती बारा महिने उघडी नसते, हंगामांच्या मधे बंद असते, म्हणून तारखा आधी बघा. आत शिरायचं तिकीट वेगळं आणि पाळण्यांचं वेगळं. जमलं तर तिन्हीसांजेला जा, दिवे लागताना.

जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीवर चार ड्रॅगनांच्या शेपट्या पिळलेला कळस होता. १६ एप्रिल २०२४ ला आग लागली आणि तो कोसळला. त्या दिवशी आसपासचे लोक आत धावून जुनी चित्रं हातांनी उचलून बाहेर आणत होते. नवरा ऑफिसच्या खिडकीतून धूर बघत होता, फोनवर त्याला नीट बोलता येत नव्हतं. आपलं गाव नसूनही.

आई-बाबा बरोबर आहेत, गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल. मेट्रो चालकाविना चालते, रात्रभर चालते, आणि स्टेशनांवर लिफ्ट असते. विमानतळावरून शहरात यायलाही तीच सोयीची. खरा त्रास दगडी फरसबंदीचा, म्हणून चपला नकोत, जाड तळव्याचे बूट हवेत.

उंचावरून शहर बघायचं असेल तर त्यांना रुंडेटॉर्नला न्या. चौथ्या क्रिस्चियान राजाने वेधशाळेसाठी बांधलेला हा गोल मनोरा १६४२ मध्ये पुरा झाला. आत जिना नाही. भिंतींना पांढरा चुना दिलेला, विटांची चढण साडेसात वेढे घेत वर जाते, इतकी रुंद की रशियाचा झार पीटर घोड्यावरून वर गेला होता असं सांगतात. अगदी शेवटी थोड्या अरुंद पायऱ्या आहेत. माझ्या आईने दर वेढ्याला खिडकीच्या कोनाड्यात बसत, दम घेत, पाऊण तासात मनोरा सर केला. उतरल्यावर म्हणाली, सिंहगडावर असा रस्ता असता तर बाबांनाही नेलं असतं.

सायकल भाड्याने घ्यावी का?

पुण्यात लहानपणी चालवलेली असली तरी सकाळी आठ ते नऊ कोपनहेगनच्या रस्त्यावर उतरू नका, त्या वेळी सगळं शहर कामाला निघालेलं असतं. दहानंतर जरूर घ्या. उजव्या कडेने चालवा. थांबण्याआधी हात वर करून दाखवा. डावीकडे वळायचं असेल तर चौक सरळ ओलांडून पलीकडे थांबा, मग सिग्नल मिळाल्यावर वळा, मधूनच वळू नका. अंधारात पुढे-मागे दिवा हवाच. आणि पायी असाल तेव्हा सायकलच्या पट्ट्यात उभं राहून फोटो काढू नका. पाहुण्यांवर इथले लोक चिडताना मी फक्त याच एका कारणाने पाहिले आहेत.

माल्मोत बघण्यासारखं काय आहे?

जुन्या शहरात दोन चौक: मोठा स्टूरटोर्गेट आणि त्याला लागून लिला टोर्ग, लाकडी पट्ट्यांच्या घरांचा. शेजारी विटांचं, चौदाव्या शतकातलं सेंट पेत्री चर्च. पाण्याने वेढलेला माल्मोहुस किल्ला आणि त्यातलं संग्रहालय. हे सगळं दोन तासांत पायी होतं.

पण माल्मो समजायचं तर वेस्त्रा हाम्नेनला, म्हणजे पश्चिम बंदराला जा. इथे कोकुम्स जहाजकारखाना होता आणि त्याची १३८ मीटर उंच क्रेन लांबून शहराची खूण होती. कारखाना बंद पडला. २००२ मध्ये ती क्रेन एका डॉलरला दक्षिण कोरियाच्या उल्सानला गेली. बोटीवरून ती निघाली तेव्हा लोक काठावर उभे राहून रडत होते, आणि कोरियात तिला ‘माल्मोचे अश्रू’ हे नाव पडलं. गिरणगावातल्या चिमण्या पाडल्या गेल्या तेव्हाच्या गोष्टी ज्यांनी घरी ऐकल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. त्याच जमिनीवर आज टर्निंग टोर्सो उभा आहे: १९० मीटर, तळापासून माथ्यापर्यंत ९० अंशांत पिळलेला, २००५ मध्ये पुरा झालेला. आत लोक राहतात, पर्यटकांना वर सोडत नाहीत, खालूनच बघायचा. त्याच्या पायथ्याशी लाकडी पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. जूनमध्ये तिथे रात्री दहाला सूर्य बुडतो. समोर पूल, पलीकडे कोपनहेगनची रेघ, आजूबाजूला ओल्या केसांनी कलिंगड खाणारी पोरं. माझ्या सहलीचा शेवट मी इथे ठेवते तो यासाठी.

थोडं दक्षिणेला रिबर्सबोर्गच्या किनाऱ्यावर १८९८ चं काल्बादहुस आहे, समुद्रातलं स्नानगृह. आधी सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीत घाम काढणं, मग थंडगार पाण्यात उडी. स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे आहेत आणि आत कपडे घालत नाहीत. सगळ्यांना रुचेल असं नाही, पण गेलात तर कोणी तुमच्याकडे वळूनही बघणार नाही, एवढं खात्रीने सांगते.

लुन्दला जावं का?

जावं. माल्मोहून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. पण वेळ साधून जा: तिथल्या कॅथेड्रलमधलं खगोलीय घड्याळ, साधारण १४२४ चं, दुपारी बारा आणि तीनला वाजतं (रविवारी एक आणि तीनला). दोन घोडेस्वार ठोके देतात, मग छोटी दारं उघडतात आणि तीन राजे मेरीसमोरून वाकत पुढे जातात. पाच मिनिटं आधी पोचा. खालच्या तळघरात दगडी खांबाला मिठी मारलेला राक्षस आहे, मुलांना तोच आवडतो. बाकी लुन्द म्हणजे १६६६ चं विद्यापीठ, सायकली आणि शांतता.

हेल्सिंगोरला पूर्ण दिवस घालवण्याइतकं काय आहे?

क्रोनबोर्ग. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा किल्ला म्हणून लोक जातात, मला तो जकातनाका म्हणून जास्त भावतो. इथे दोन देशांमध्ये जेमतेम चार किलोमीटर पाणी आहे. १४२९ पासून १८५७ पर्यंत बाल्टिकमध्ये ये-जा करणारं जहाज इथे थांबून डेन्मार्कच्या राजाला जकात देई. राजवाडे, मनोरे, सगळ्यांत तो पैसा मुरला आहे. तटावर उभं राहिलं की समोर स्वीडन इतकं जवळ दिसतं की जकात चुकवणं का अवघड होतं ते न सांगता कळतं. वारा फार, कानटोपी ठेवा.

किल्ला झाला की बोटीने वीस मिनिटांत हेल्सिंगबोर्गला जा. हेल्सिंगबोर्गच्या लोकांची एक जुनी सवय आहे. बोटीवर बसायचं, जेवायचं, पलीकडे उतरायचंच नाही, त्याच बोटीने ये-जा करत राहायचं. त्याला ‘तुरा’ करणं म्हणतात. आम्ही पावसाळी रविवारी करतो. पासपोर्ट इथेही बरोबर हवा.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, आणि सर्वांत चांगलं माल्मोत. मोलेवोंगेन भागात लेबनॉन, इराककडून आलेल्या कुटुंबांनी फलाफल, म्हणजे काबुली चण्याचे तळलेले वडे, आणलं आणि आता ते शहराचं खाणं झालं आहे. गरम पोळीत फलाफल, लोणच्यातला गुलाबी सलगम, पुदिना, तिखट सॉस, एकात पोट भरतं. तिथल्या चौकात भाजीबाजार भरतो. आमची कोथिंबीर-भेंडी तिथलीच. स्वीडनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी ‘दागेन्स रेट’ घ्या, म्हणजे दिवसाची थाळी. सॅलड, पाव आणि कॉफी बहुधा त्यातच येते, आणि शाकाहारी पर्याय असतो.

कोपनहेगनमध्ये न्योरेपोर्टजवळच्या टोर्वेहालर्ने बाजारात जा. स्मोरब्रोद, म्हणजे राईच्या काळ्या पावावरचा थर, बटाट्याचा किंवा अंड्याचा मिळतो. त्या पावाची आंबूस चव दोन घासांनंतर जमते. जेलीच्या गोळ्यांत जेलाटिन असतं, पाकीट वाचून घ्या. नळाचं पाणी दोन्हीकडे बिनघोर प्या.

घरून काय आणू? मे महिना आहे, हापूसची पेटी आणली तर?

किती मोह होतो, पण नको. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पनीर, पेढे सगळं बाद. ताज्या फळांना रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. आंब्याला नाही. भडंग, मेतकूट, चटण्या, भाकरवडी, लाडूंमध्ये बिनतुपाचे, हे आणा. आम्ही वाट बघत असतो.

कधी यावं?

मे अखेर ते सप्टेंबर मध्य. जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री दहाला मावळतं. जुलैतही वीस-बावीस अंशच, आणि वारा असतोच, तेव्हा जॅकेट हवं. छत्री उलटते, टोपीचा रेनकोट आणा. जूनमध्ये १९ ते २५ तारखांच्या दरम्यानच्या शुक्रवारी स्वीडनमध्ये मिडसमर हा उन्हाळ्याचा मोठा सण असतो, दुकानं बंद, शहर रिकामं. त्या दिवशी डेन्मार्कात राहा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. डिसेंबरमध्ये साडेतीनलाच अंधारतं, पण नाताळातल्या दिव्यांसाठी येणारेही पुष्कळ.

मुलांसाठी?

तिवोली तर आहेच. माल्मोच्या तंत्रज्ञान संग्रहालयात यू-३ नावाची खरी पाणबुडी आहे, तिच्या आत फिरता येतं. विमानतळाजवळ ‘निळा ग्रह’ नावाचं मत्स्यालय. उन्हाळ्यात कुठलाही समुद्रकिनारा, फुकट.

इथे मराठी माणसाला ओळखीचं काही सापडतं का?

सापडतं, आणि हे मला इथे बरीच वर्षं राहिल्यावर कळलं. कोपनहेगनच्या क्रिस्चियान्सहाउन भागात आशियातिस्क प्लाड्स नावाची जागा आहे. डॅनिश आशियाटिक कंपनीची अठराव्या शतकातली वखार तिथे पाण्याकाठी अजून उभी आहे. तिची जहाजं जात ती तरंगंबाडीला, तंजावरच्या किनाऱ्यावर. डेन लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून ती जागा मिळवली आणि किल्ला बांधला. पुढे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरला आले आणि त्या जागेचा वार्षिक खंड मराठी दरबारात जमा होऊ लागला. सरफोजीराजांना, म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणाऱ्या दुसऱ्या सरफोजींना, ज्यांनी शिकवलं ते श्वार्त्झ हे जर्मन मिशनरी १७५० मध्ये याच तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमध्ये आले होते. १८४५ मध्ये डेन्मार्कने ती वसाहत इंग्रजांना विकली. फलकावर यातलं काही लिहिलेलं नाही. पण बंदर-बसमधून ती लांबलचक वखार दिसली की पाहुण्यांना मी हे सांगते, आणि सगळे एकदम खिडकीशी येतात.

प्लग, स्वच्छतागृह, फोन?

दोन गोल पिनांचा प्लग चालतो, आपला तीन पिनांचा नाही. स्वीडनच्या स्टेशनांवर स्वच्छतागृहाला पैसे पडतात, कार्डाने. ई-सिम घेताना ‘युरोप’ची घ्या, एकाच देशाची नको.

परतीच्या दिवशी माल्मोहून थेट विमानतळ गाठता येतो का?

येतो, पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेर, आणि स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे. तरी एक गाडी चुकली असं धरून निघा. विमान शेंगेनबाहेर जाणारं असेल तर पासपोर्टची रांग सुरक्षा तपासणीनंतर लागते. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंदपद्धत आली आहे, तिलाही वेळ जातो. आम्ही पाहुण्यांना विमानाच्या साडेतीन तास आधी माल्मोच्या फलाटावर आणून सोडतो. स्वीडनचे सुटे क्रोन उरले असतील तर स्टेशनवरच्या बेकरीत विचारा नोटा-नाणी घेतात का. घेत असतील तर दालचिनीचा गोल पाव घ्या, त्याला इथे कानेलबुले म्हणतात. आणि जाताना उजव्या बाजूला बसा, टर्निंग टोर्सो आणि साल्थोम आता त्या बाजूला असतात.